अर्थिंग

काजूच्या पावतीच्या पाठीवर मी यादी केली:
प्रोसेसर सहा कोअरचा, ग्राफिक्स त्याच्याच पोटात,
रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्या, जोडीनं पळतात त्या,
एसएसडी पाचशेची,
पॉवर सप्लाय मात्र चांगला, तिथे कंजूषपणा नको.
बेरीज चौतीस हजार सहाशे.
माझ्याकडे एकतीस.
उरलेले कीर्तेशनं घातले, कुर्ल्या विकून,
आणि लगेच विचारलं,
"फुटबॉलचो गेम चालतलो मां?"
चालतलो, म्हटलं.
मैदानावरच्या गवताची पाती मोजता येणार नाहीत, एवढंच.

सामान आलं हप्त्याहप्त्यानं.
मदरबोर्ड कोल्हापूरहून, एसटीच्या पार्सलात,
आंबोलीचा घाट उतरत.
कॅबिनेट कुडाळच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं,
पत्र्यावर अजून रंगवलेलं 'क्र. ४'
आणि आत, तळाशी, कुणाचा तरी पासपोर्टचा फोटो.
तो मी टाकला नाही. तिथेच आहे.

वेंगुर्ल्यात लोखंडाला आयुष्य कमी.
दाराची कडी, सायकलची साखळी,
बाबांच्या शिलाई मशीनच्या सुया:
खारं वारं सगळ्यांची चव घेऊन बघतं.
म्हणून फॅक्टरीतून, काजूच्या डब्यांत घालतात त्या
ओल शोषणाऱ्या पुड्या
मी मूठभर पर्समध्ये घातल्या.
ग्रेडिंगच्या शालनताईनं पाहिलं, बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणखी दहा होत्या.

पेस्ट वाटाण्याएवढी लावायची, असं म्हणतात.
माझ्या बोटांना काजूचंच माप कळतं:
तुकडा, बारीक.

सुरू झाला तेव्हा रात्रीचे दोन.
पंखा फिरला. हात लावला तर
पत्र्यातून झिणझिण्या, मुंग्या चढाव्यात तशा.
नवा आहे, रुळेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिलं रेकॉर्डिंग बाबांच्या मशीनचं.
पायटा हळू, मग जलद, मग कापड अडकून थांबलेला.
त्यावर काजू फोडायच्या हत्याराचा टक्.
हेडफोन लावला
आणि सगळ्याच्या खाली कुणीतरी गुणगुणत होतं.
पेटीवर शोधलं:
पांढरी पाच, किंचित वर.

संशय बर्फाच्या कारखान्यावर.
तो बंद असलेल्या सोमवारी मुद्दाम जागले.
गुणगुण होतीच.
ती आमच्या भिंतीत होती.

अंतोन वायरमननं टेस्टर लावला, हसला.
"तुमच्या घराक अर्थिंगच नाय गो.
ह्या तिसऱ्या भोकात काय नाय, नुसती शोभा."
मग मागीलदारी कमरेएवढा खड्डा,
तांब्याची पट्टी, करवंटीचा कोळसा,
आणि मीठ. जाडं. दहा किलो.
वर्षभर पुड्या घालघालून मी ज्याला बाहेर ठेवत होते
ते आता पोत्यानं ओतत होते, दोन्ही हातांनी,
आणि बाबा पायरीवर बसून म्हणत होते,
अजून थोडं घाल, कंजूषपणा नको.

खड्डा सुकता कामा नये.
म्हणून कीर्तेशशी करार:
एका बादलीला अर्धा तास गेम.

त्या रात्री पुन्हा तेच वाजवलं.
मशीन, टक्, मशीन.
खाली काही नाही.
इतकं काही नाही
की सूर कशावर ठेवावा कळेना.
बराच वेळ बसले.
मग की-बोर्डवर बेस लावला, अगदी मंद,
पांढरी पाच,
आणि माउसनं ओढून
किंचित वर.

बाहेर पाण्याचा आवाज. एक. मग दुसरी. मग तिसरी.
"तीन ओतलंय!"
म्हणजे दीड तास.
फाईल सेव्ह करते,
खुर्ची सोडते.